मडमेच्या सायकलची साखळी

राजमती पाटील आणि मी एका वर्गातल्या. सांगलीहून आष्ट्याला जाताना आष्टा यायच्या आधी डाव्या हाताला आमचं गाव लागतं. बाळगोंडा पाटलांची ती थोरली मुलगी. तीन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. पुढं पायात थोडी ताकद आली, तरी तो बारीकच राहिला आणि गुडघ्याला जोर नव्हता. चालताना ती डाव्या हातानं मांडीला आधार द्यायची आणि तशीच आमच्या बरोबरीनं शाळेला यायची. तिच्यासाठी कुणी पाऊल हळू टाकलं की तिला राग यायचा, म्हणून आम्ही कधी टाकलं नाही.

शिकायला हुशार होती, त्यातही गणितात. सांगलीला वसतिगृहात राहून तिनं मास्तरकीचं शिक्षण पुरं केलं आणि एकाहत्तर साली खोतमळ्याच्या शाळेवर तिची नेमणूक झाली. खोतमळा म्हणजे आमच्या गावापासून अडीच मैलांवरची वस्ती. पंधरा-सोळा घरं, भोवतीनं ऊस, आणि एका खोलीची शाळा. मास्तर, हेडमास्तर, शिपाई, सगळं राजमतीच. रस्ता पाटाच्या कडेनं जाणारा, कच्चा. अडीच मैल जायचे आणि अडीच मैल यायचे, तेही त्या पायानं, रोज होणं शक्य नव्हतं. सुरुवातीला बाळगोंडा तिला बैलगाडीनं सोडायला जायचे. पण सुगीत गाडी मोकळी नसायची. मग ती पहाटेच निघायची आणि शाळेत पोचेपर्यंत घामानं निथळायची.

हे नाथाजी सुभेदारांनी पाहिलं. नाथाजी आमच्या गावातले पलटणीतून आलेले गृहस्थ. सत्तेचाळीस साली बेळगावला एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्या बायकोची सायकल आपल्या बायकोसाठी आणली होती. शालूबाईंनी त्या सायकलला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि आढ्याला टांगून ठेवायला सांगितलं. पंचवीस वर्षं ती तिथंच होती. गावात तिला मडमेची सायकल म्हणत.

नाथाजींनी ती खाली उतरवली, तेल-पाणी केलं, नवे टायर घातले आणि राजमतीला बोलावलं. बायकांची सायकल असल्यामुळं मधे आडवी दांडी नव्हती, त्यामुळं लुगडं नेसूनही बसता येत होतं. पण तिची खरी गंमत पुढच्या दात्यांच्या चाकात होती. पायडलाचा दांडा ज्याला बसवलेला असतो, ते चाक सगळ्या सायकलींना गोल असतं. या सायकलचं लांबुळकं होतं, थोडंसं दाबल्यासारखं. नाथाजी त्याला अंड्याचं चाक म्हणायचे. पाटलांचं घर जैन. त्यांच्या उंबऱ्याच्या आत तो शब्द चालणारा नव्हता. राजमतीच्या आईनं ते चाक निरखून पाहिलं आणि म्हणाली, ही तर आंब्याची कोय. तेव्हापासून ती कोय झाली.

राजमती पंधरा दिवसांत सायकल शिकली. आधी गोल चाकाच्या सायकलवर तिनं दोन-तीनदा प्रयत्न केला होता, तो फसला होता. उजव्या पायानं पायडल खाली दाबलं की डावं वर यायचं, आणि तिथून त्याला पुढं ढकलायचं बळ डाव्या पायात नसायचं. पायडल वरच अडायचं आणि सायकल आडवी व्हायची. कोयीवर तसं होत नव्हतं. नेमकं त्या अडचणीच्या जागी पायडल हलकं लागायचं आणि डावा पाय नुसता वर ठेवला तरी ते पुढं सरकायचं. असं का होतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेची घंटा आता वेळेवर व्हायला लागली, एवढं खोतमळ्याला कळलं.

दोन वर्षं छान गेली. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका सकाळी पाटाच्या वळणावर सायकलची साखळी तुटली. राजमतीनं तुकडे गोळा करून डब्याच्या पिशवीत टाकले, सायकल ढकलत शाळेत नेली आणि संध्याकाळी ढकलत परत आणली. दुसऱ्या दिवशी बाळगोंडा ती सायकल आष्ट्याला गुंडाकडे घेऊन गेले.

गुंडा आष्ट्यातला सायकल दुरुस्तीवाला. हात चांगला आणि बोलणं मोठं. त्यानं कोय पाहिली, दोनदा फिरवली आणि सांगून टाकलं की या चाकाला साधी चेन चालणार नाही. चाक लांब-आखूड होतं म्हणजे चेनही लांब-आखूड होणारी पाहिजे, आणि तसली चेन विलायतेतच मिळते. तोवर भागवाभागवी म्हणून त्यानं मालवाहू सायकलची एक रुंद, दणकट चेन चढवली. ती दात्यांवर डगडगत राहायची आणि दिवसातून तीनदा निसटायची. राजमती काळे हात घेऊन शाळेत जायची.

मग गुंडानं दुसरी चेन घातली, नेहमीच्या सायकलची. ही दात्यांवर नीट बसली. त्यानं मागचं चाक ओढून ती ताठ केली आणि नट आवळले. पण पायडल फिरवलं की अर्ध्या फेरीत ते जाम व्हायचं. जोर दिला की कर्रकन आवाज यायचा. तीन दिवसांत तीही तुटली. गुंडा म्हणाला, बघा, मी सांगत होतो. त्यानं कोय काढली, तिथं नवं गोल चाक बसवलं आणि आता हिला कुठलीही चेन चालंल असं सांगून सायकल परत पाठवली. कोय तेवढी बाळगोंडांनी मागून घेतली.

गोल चाकावर राजमती दोन दिवस कशीबशी गेली. तिसऱ्या दिवशी ऐन वळणावर डावं पायडल वरच अडलं आणि ती सायकलसकट पाटात पडली. पाणी कमरेएवढंच होतं. वस्तीवरच्या अंबूबाई कपडे धूत होत्या, त्यांनी तिला हात देऊन वर काढलं. लागलं नव्हतं, पण हजेरीचं पुस्तक भिजलं. राजमतीनं ते शाळेच्या कौलांवर वाळत घातलं आणि दिवसभर ओल्या लुगड्यानं शिकवलं.

त्या संध्याकाळी बाळगोंडांनी विषय काढला. ते अबोल गृहस्थ. मुलीच्या पायाबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले की सायकल राहू दे, बदलीचा अर्ज करू. गावातल्या शाळेत जागा निघेल तेव्हा निघेल, तोवर घरी बस. राजमती भाकरी खात होती. तिनं घास संपवला, पाणी प्याली आणि म्हणाली,

"आप्पा, मला आठ दिवस द्या. गुंडाभाऊ म्हणतो ते मला पटत न्हाई. लांब-आखूड होणारी साखळी मी कधी बघितली न्हाई, आणि त्यानंबी बघितलेली न्हाई."

बाळगोंडांनी आठ दिवस दिले.

रविवारी राजमती सायकल, कोय, तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे आणि शाळेची फूटपट्टी घेऊन नाथाजींच्या अंगणात बसली. मीही होते. साखळीच्या दोन खिळ्यांमधलं अंतर तिनं मोजलं. बरोबर अर्धा इंच. म्हणजे चोवीस कड्यांना एक फूट व्हायला हवा. गुंडानं घातलेली नेहमीची चेन चोवीस कड्यांना फूटपट्टीच्या टोकाशी बरोबर आली. मडमेची जुनी साखळी मात्र पाव इंच पुढं गेली. पंचवीस वर्षांपूर्वीची ती साखळी झिजून लांबली होती, म्हणून तुटली. त्यात कोयीचा दोष नव्हता.

मग तिनं कोयीचे दाते मोजले. आखूड बाजूला आणि लांब बाजूला, दोन्हीकडं दात्यापासून दात्याचं अंतर तेवढंच, अर्धा इंच. दात्याची जाडीही गोल चाकाच्या दात्याएवढीच. तिनं मान वर केली आणि आमच्याकडं पाहिलं.

"आकार कसाबी असू दे," ती म्हणाली, "साखळीला आकार कळत न्हाई. तिला फक्त दाते कळतात."

नाथाजींनी विचारलं, मग गुंडाची दुसरी चेन जाम का झाली? ते तिलाही सांगता येईना. त्यांनी दोघांनी मिळून सायकल उलटी केली, गोल चाक काढून कोय परत बसवली आणि साखळीऐवजी सुतळीचा वेढा मागच्या-पुढच्या चाकांवर घालून गाठ मारली. नाथाजी पायडल हळूहळू फिरवत होते आणि राजमती सुतळीला बोट लावून बसली होती. कोय आडवी झाली की सुतळी सैल पडायची. कोय उभी राहिली की ताणायची. फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता, पण होता. पाच-सहा वेळा फिरवून पाहिलं, दर वेळी तसंच.

"म्हंजे गुंड्यानं कोय आडवी असताना चेन आवळली," नाथाजी म्हणाले.

"व्हय तात्या. आडवी असताना ती सैल दिसली म्हणून त्यानं ताठ केली. मग उभी राहिल्यावर तिला जागाच उरली न्हाई."

आणि त्याच वेळी दुसरी गोष्टही तिच्या लक्षात आली. पायडलाचा दांडा आडवा असताना, म्हणजे पायाचा जोर सगळ्यात जास्त लागतो तेव्हा, कोय उभी असते. दांडा उभा झाला की, म्हणजे पाय वर अडतो त्या जागी, कोय आडवी होते, आणि साखळी तिच्या बारक्या बाजूवरून ओढली जाते. म्हणून तिथं हलकं लागतं. ती बराच वेळ त्या चाकाकडं पाहत राहिली. हे चाक ज्यानं कुणी केलं त्याला लंगड्या पायाची ओळख होती, असं तिनं मला परत जाताना सांगितलं. शालूबाईंनी मात्र एवढंच विचारलं की उलट्या सायकलवर एवढी पूजा कसली चालली होती.

आता पाहिजे होती ती साधी साखळी, अर्धा इंची, नेहमीच्या रुंदीची, आणि नवी. गुंडाकडं तसली उरली नव्हती, आणि असती तरी तो कोयीला घालायला तयार नव्हता. त्याच आठवड्यात बाळगोंडांना गुळाची गाडी घेऊन सांगलीला जायचं होतं. राजमतीनं गुळाच्या ढेपांवर गोणपाट टाकून सायकल बांधली, एका दिवसाची रजा घेतली आणि वडिलांशेजारी गाडीत बसली.

गूळ मार्केटात उतरवून झाल्यावर दोघं मारुती चौकाजवळ जिनदत्तशेठच्या दुकानात गेली. जिनदत्तशेठ सायकलच्या सामानाचे व्यापारी, बाळगोंडांच्या दूरच्या नात्यातले. जय जिनेंद्र झालं, पाणी झालं, घरची चौकशी झाली. मग राजमतीनं मागणं सांगितलं. शेठनी दाराशी टेकवलेली सायकल पाहिली आणि हसून बाळगोंडांना म्हणाले की पाटील, असल्या चाकाची चेन मुंबईलाच मागवावी लागेल, आणि तिथंही मिळेल याची खात्री नाही. बाळगोंडांनी मुलीकडं पाहिलं.

राजमतीनं पिशवीतून फूटपट्टी काढली. नेहमीच्या सायकलच्या आणि मालवाहू सायकलच्या, दोन्ही चेन दाखवा म्हणाली. शेठनी जरा नाराजीनंच कागदातल्या चेन समोर ठेवल्या. तिनं आधी मालवाहूची उघडून चोवीस कड्या मोजल्या, फूटपट्टी लावली, मग बाहेर जाऊन ती कोयीच्या दात्यांवर बसवून दाखवली. रुंद होती, डावी-उजवीकडं सरकली. मग नेहमीची बसवली. ती दात्यांवर अशी बसली की हलेना. तिनं ती लांब बाजूवर बसवून दाखवली, आखूड बाजूवर बसवून दाखवली. एव्हाना दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली होती.

"हीच पाहिजे," ती म्हणाली. "बसवताना मात्र मी सांगते तसं बसवायचं."

शेठच्या दुकानात हरिबा नावाचे वयस्कर कारागीर होते. त्यांनी जुन्या कड्यांच्या हिशेबानं चेन तोडली, जोडली आणि मागचं चाक ओढायला लागले. राजमतीनं त्यांना थांबवलं, पायडल फिरवून कोय उभी केली आणि मग आवळा म्हणाली. चेन ताठ करू नका, बोटानं दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. हरिबांनी तसं केलं. मग त्यांनी पायडल हातानं फिरवलं. कोय आडवी झाली तेव्हा साखळी किंचित लोंबली, उभी झाली तेव्हा सावरली. कुठं अडली नाही, कुठं निसटली नाही. हरिबांनी आणखी जोरात फिरवलं. चाक सुसाट गेलं. त्यांनी हात पुसत शेठकडं पाहिलं आणि म्हणाले,

"शेठ, चाळीस वर्सं मी चेन बसवतोय. हे मला आज कळलं."

शेठनी विचारलं की हे कुठल्या पुस्तकात आहे. राजमती म्हणाली, पाचवीच्या गणितात. सगळे हसले, शेठही हसले, आणि चहा मागवला.

बाळगोंडांचा विचार होता की सायकल पुन्हा गाडीत बांधावी. राजमती म्हणाली, मी चालवून बघते. आयर्विन पुलापर्यंत बघते, मग गाडीत घालू. दुपार उतरली होती, हवेत गारवा होता. गाडी मागं, ती पुढं, अशी दोघं पुलावर आली. खाली कृष्णेचं पाणी संथ होतं. पूल संपला तरी ती उतरली नाही. सांगलीवाडी गेली. तिथं ती थांबली, गाडी येऊ दिली, आणि म्हणाली की दिग्रजच्या फाट्यापर्यंत जाते.

फाट्याजवळ एक गुऱ्हाळ लागलं होतं. चुलाणाचा धूर, उकळत्या रसाचा वास. गुळव्यानं तिला ओळखलं नाही, पण सायकलवरून आलेली मास्तरीण म्हटल्यावर तांब्याभर रस दिला. ती पायरीवर बसून रस पीत वडिलांची वाट पाहत होती. गाडी आली. बाळगोंडांनी बैल थांबवले. त्यांच्यासाठी तिनं अर्धा तांब्या ठेवला होता. त्यांनी तो उभ्यानंच संपवला आणि तोंड पुसून म्हणाले,

"राजमती, माझी वाट बघत थांबू नगंस. बैलं त्यांच्या चालीनं येतील. तू हो फुडं."

त्यांच्या तोंडून हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून घरात कुठंही निघायचं झालं की तिच्यासाठी कुणीतरी थांबलेलं असायचं. तिनं लुगड्याचा काठ कमरेला खोचला आणि निघाली.

तुंगपर्यंत रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे कुठं हळदीचं रान, कुठं शाळू. तिनं मला नंतर सांगितलं की त्या वाटेवर ती मोठ्यानं पाढे म्हणत गेली, एकोणिसाचा आणि तेविसाचा, कारण गाणं तिला येत नव्हतं आणि गप्प बसवत नव्हतं. समोरून येणारे गाडीवान वळून बघायचे. एकानं विचारलंही की बाई, कुणाला शिकवताय. ती म्हणाली, रस्त्याला.

ऊन असतानाच ती गावात पोचली. आम्ही विहिरीवर होतो. दुरून सायकल दिसली तेव्हा तिच्या आईला वाटलं गाडी बिघडली, काही झालं, म्हणून ती घागर टाकून धावत सुटली. राजमती तिच्यासमोर येऊन उतरली. तोंड लाल, केसांवर धूळ, आणि एवढी हसत होती की तिला बोलता येईना. आईनं आधी तिचा पाय चाचपून पाहिला, मग तिलाही हसू फुटलं. बाळगोंडांची गाडी दिवेलागण होऊन गेल्यावर आली. त्यांनी बैल सोडले, वैरण घातली, आणि घरात येऊन विचारलं ते फक्त एवढंच की पोरगीनं जेवण केलं का.

दुसऱ्या दिवशी खोतमळ्याच्या शाळेत गणिताला साखळी आली. पोरांनी चोवीस-चोवीस कड्या मोजल्या, झिजलेली आणि नवी यांतला फरक पट्टीवर पाहिला. अपूर्णांक ज्याला येत नव्हते त्याला त्या दिवशी आले, असं अंबूबाई सांगायच्या. त्यांची दोन्ही पोरं त्या वर्गात होती. गुंडाच्या कानावर सांगलीची हकीकत गेली. थोडे दिवस तो आमच्या गावावरून जाताना मान खाली घालून जायचा. मग एकदा आपण होऊन पाटलांच्या दारात आला, उकिडवा बसला आणि बाई, ते कोय उभी धरायचं जरा दाखवा म्हणाला. राजमतीनं त्याला सुतळी लावून दाखवलं. त्यानंतर आष्ट्यात कुणाची साखळी वाकड्या चाकावर कुरकुरली तरी गुंडा ती बरोबर लावून द्यायचा. ही युक्ती पाटीलबाईंची हेही प्रत्येकाला सांगायचा.

राजमती खोतमळ्यावर आणखी पाच वर्षं होती. शाळा सुटल्यावर ती आजूबाजूच्या मळ्यांवर सायकल घेऊन फिरायची. ज्या घरातली मुलगी शाळेत नाही त्या घरी चहा घ्यायची नाही, असा तिचा नियम होता. लोकांना पाहुणीनं चहा नाकारलेला आवडत नाही. तिच्या पटावर मुली सहाच्या एकवीस झाल्या.

बाळगोंडांचं एक सांगायचं राहिलं. पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात, उसाची तोड होऊन रान मोकळं झालं होतं, तेव्हा एका सकाळी ते राजमतीला म्हणाले की मलाबी जरा बसवून बघ त्याच्यावर. ते तेव्हा बावन्न वर्षांचे. नाथाजींनी मागून कॅरियर धरला, राजमती बांधावर उभी राहून कुठला पाय कधी दाबायचा ते सांगत होती. पटका घातलेले पाटील मडमेच्या सायकलवर ताठ बसून चार हात गेले, सहा हात गेले. नाथाजींनी गुपचूप हात सोडला. दहा-बारा हात पुढं जाऊन पाटलांनी मागं वळून पाहिलं, सुभेदार लांब उभे दिसले, आणि ते सरळ उसाच्या पाचटाच्या ढिगात गेले. आम्ही धावलो. ते उताणे पडले होते, पटका एकीकडं, वहाण एकीकडं, आणि पोट धरून हसत होते. हात द्यायला गेलेल्या नाथाजींना त्यांनी बाजूला केलं, उठून सायकल उभी केली, अंगावरचं पाचट झाडलं आणि पुन्हा बसले.